बर्फाच्या मशीनचा कॉम्प्रेसर सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गेला – बदलू की मशीनच काढून टाकू?

खाडीकाठचा | शुक्रवार, रात्री ९:१४

मंडळी, मालवणजवळ आमची छोटी खानावळ आहे. दुपारी मासे-भात, संध्याकाळी सोलकढी आणि कोकम सरबत. मे महिन्यात पर्यटक बर्फ मागतात तो वेगळाच. चार वर्षांपूर्वी दिवसाला ६० किलो क्यूब देणारं मशीन घेतलं. उभ्या प्लेटवरून पाणी ओघळतं, चौकोनी खाच्यांत गोठतं, मग प्लेटीच्या मागच्या नळीत गरम गॅस सुटतो आणि सगळा पट्टा धाडकन खालच्या डब्यात पडतो, त्यातलं. आत गार करणारा गॅस आर-४०४ए.

गेल्या दिवाळीत कॉम्प्रेसर जळला. मेकॅनिकने दोन तासांत नवीन बसवला, तेरा हजार घेतले. मशीन चाललं, पण पहिल्यासारखं कधीच नाही. २० मिनिटांचा फेरा ३५ मिनिटांवर गेला, क्यूब मधोमध पोकळ. मी म्हटलं पाणी गरम असेल.

कालपासून घूंऽऽ असा आवाज चार-पाच सेकंद, मग टक्, बंद. दोन-तीन मिनिटांनी परत घूं, परत टक्. तोच मेकॅनिक आला, कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाला, "गेला. सोळा हजार होतील." गॅरंटीचं विचारलं तर म्हणे इलेक्ट्रिकच्या वस्तूला गॅरंटी नसते.

सीझन तोंडावर आहे. काय करू?

---

चिकूशेक | शुक्रवार, रात्री ९:४०

पुण्यात माझं ज्यूस सेंटर आहे, दुःख समजू शकतो. तूर्तास क्यूबची पाकिटं विकत घ्या. आणि घाईत फॅक्टरीची लादी आणून सरबतात फोडू नका. मासळीसाठीचा बर्फ वेगळा. २०१८ पासून आपल्याकडे न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे तो त्यासाठीच. लादी पांढरी दिसली म्हणजे ती खायचीच असं मात्र धरून चालू नका.

---

विंचवाचं_बिऱ्हाड | शुक्रवार, रात्री ९:५२

"हात लावून म्हणाला" हे भारी आहे. नाडीपरीक्षा!

---

नाना_गेजवाले | शुक्रवार, रात्री १०:३०

हातानं कॉम्प्रेसर तपासणारे लई बघितले. भाऊ, उद्या सोळा हजार देऊ नका. आधी मला चार गोष्टी सांगा.

घूं करून टक् होणं म्हणजे मोटर उठायचा प्रयत्न करते, उठत नाही, करंट चढतो आणि ओव्हरलोड (मोटर वाचवणारा कटआउट) तोडतो. हे कॉम्प्रेसर जाम झाल्यावर होतं, तसंच स्टार्ट कपॅसिटर (मोटरला उठताना धक्का देतो तो) मेल्यावरही होतं, रिले (स्टार्टचा स्विच) चिकटल्यावरही होतं आणि लाइनला पुरेसं व्होल्टेज नसलं तरी होतं. चारांतला एकच रोग सोळा हजारांचा. बाकीचे चहा-वडापावच्या भावातले.

मशीनची पिन काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, पिनच काढा. कॉम्प्रेसरच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण उघडा, आत तीन पिना त्रिकोणात असतात: कॉमन, रन, स्टार्ट. वायरी कुठली कुठं ते आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग वायरी सोडवून मल्टिमीटरनं दोन-दोन पिनांमधला ओहम मोजा. तीन आकडे येतील. सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेइतका आला तर वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) शाबूत. नंतर एक-एक पिन आणि नळीचा खरवडलेला तांब्याचा भाग, असं मोजा. तिथं काहीही आकडा दिसायला नको.

एक सांभाळा. कॉम्प्रेसर गरम असताना मोजू नका. काहींत ओव्हरलोड आतच असतो, तो उघडलेला असला की वाइंडिंग तुटल्यासारखं दिसतं. असे चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले मी या डोळ्यांनी बघितलेत. रात्रभर थंड होऊ दे.

---

मीटरवाली | शुक्रवार, रात्री १०:४८

नानांना जोड. झाकण उघडल्यावर कपॅसिटरला बोट लावण्याआधी त्याची दोन टोकं रेझिस्टरने किंवा जुना पिवळा बल्ब लावलेल्या होल्डरच्या वायरींनी जोडून डिस्चार्ज करा. पिन काढली तरी त्यात चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडायची हौस नको.

आणि व्होल्टेज मशीन उठायच्या क्षणी मोजा. बंद असताना २३० दिसेल आणि उठताना १७० वर कोसळेल. तो पडलेला आकडा हवा आहे.

---

खाडीकाठचा | शनिवार, सकाळी ८:०५

सकाळी सहाला उठून मोजलं. पिनांमधले आकडे २.९, ९.६ आणि १२.५. बेरीज बरोबर जुळते! बॉडीला काही दाखवत नाही. व्होल्टेज बंद असताना २२४, उठताना १९८.

कपॅसिटर बाहेर काढला तर त्याची टोपी फुगलेली, एका बाजूने तेलकट काळा ओघळ. मीटरवर काहीच येत नाही.

---

नाना_गेजवाले | शनिवार, सकाळी ८:२०

सापडला. त्यावर जेवढे मायक्रोफॅरड छापलेत तेवढेच आणा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. "थोडा मोठा बसवू, जोर येईल" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका.

---

विंचवाचं_बिऱ्हाड | शनिवार, सकाळी ८:३१

सोळा हजार वाचले, नानांना माशांचं ताट लागू.

---

खाडीकाठचा | शनिवार, दुपारी १:५०

ताट थांबवा.

कुडाळहून २८० रुपयांचा कपॅसिटर आणला. लावला, मशीन एका झटक्यात उठलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. ४० मिनिटं चाललं, पहिला पट्टा पडला, तोही पोकळ. मग बंद. कॉम्प्रेसरला हात लावला (मीपण नाडी बघितली) तर चटका. अर्ध्या तासाने परत उठलं, २५ मिनिटांत परत बंद. शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा क्लॅम्पमीटर आणून करंट बघितला: ६.८ अँपिअर. मशीनच्या मागच्या पट्टीवर ४.६ लिहिलंय.

कॉम्प्रेसरच्या अंगावरचा स्टिकर पुसून वाचला. अर्धा एचपी, २२०–२४० व्होल्ट, आणि खाली आर-१३४ए.

मशीनच्या पट्टीवर मात्र आर-४०४ए, ४२० ग्रॅम. हे असं चालतं का?

---

नाना_गेजवाले | शनिवार, दुपारी २:१५

नाही हो. अजिबात नाही. स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

नाना_गेजवाले | शनिवार, दुपारी ३:०२

बघितला कॅटलॉगमधे. भाऊ, तुमच्या मशीनला वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर बसवलाय.

सविस्तर सांगतो, कारण ही चूक गावोगाव होते. दुकानात जाऊन "अर्धा एचपी द्या" म्हटलं की दुकानदार जो आहे तो देतो. पण एचपी म्हणजे चपलेचा नंबर. चप्पल कुठं घालायची ते त्यावरून कळत नाही. कॉम्प्रेसर कुठल्या गॅसचा आणि कुठल्या तापमानाचा, हे दोन्ही बघावं लागतं. वॉटर कूलर, बॉटल कूलरचे असतात ते हाय बॅक प्रेशर, एचबीपी. त्यांची गार होणारी कॉइल शून्याच्या आगेमागे आणि वर चालते. डीप फ्रीजरचे लो बॅक प्रेशर, एलबीपी, उणे १० च्याही खाली. बर्फाच्या मशीनची प्लेट सुरुवातीला शून्याजवळ असते आणि बर्फ जाड होत गेला की उणे १५-२० पर्यंत उतरते, आणि दर अर्ध्या तासानं तिच्यात उकळता गॅस सोडतात. म्हणून कंपनीनं जो मॉडेल दिलाय तो किंवा त्याच्या तोडीचा, त्याच गॅसचा, जादा स्टार्टिंग टॉर्कचा, असाच लागतो.

आता गॅस. ४५ अंशाला कंडेन्सर (गरम गॅस निववणारी जाळी) धरला तर १३४ए चा दाब दीडशे पीएसआयच्या थोडा वर. ४०४ए चा २८० च्या आसपास. म्हणजे १३४ए चं पातळ वाफेचं काम करायला घडवलेल्या सिलिंडरमधून तुम्ही दुप्पट जड ओझं ओढवताय. मोटर रोज दीडपट करंट खात होती. कपॅसिटर फुगला तो त्यामुळंच. वारंवार अडखळत उठायचं म्हणजे तोच भाजून निघतो. सहा महिने टिकला ह्याचं आश्चर्य.

---

मस्कतचा_सावंत | शनिवार, दुपारी ४:३०

अरे बाबा, आमच्या गावाकडचोच निघालंस! मी हॉटेलात मेंटेनन्सला आहे, आमच्याकडे अशी अकरा मशीन आहेत आणि बाहेर ४५ डिग्री.

नानांचं सगळं बरोबर, पण पोकळ क्यूबचं कारण दुसरंही असू शकतं, ते आत्ताच बघ, नाहीतर तिसरा कॉम्प्रेसर पण खाईल. गरम गॅसचा सॉलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा) व्हॉल्व्ह असतो, कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज नळीतून फाटा निघून प्लेटीकडे जातो त्यावर. बर्फ गोठत असताना तो घट्ट बंद हवा. मशीन सुरू होऊन दहा मिनिटं झाली की व्हॉल्व्हच्या अलीकडच्या नळीला आणि पलीकडच्या नळीला हात लाव. अलीकडची चटका देणार. पलीकडची थंड हवी. पलीकडची पण गरम असेल तर व्हॉल्व्ह गळतोय, म्हणजे एका हाताने प्लेट गार करायची आणि दुसऱ्या हाताने तिलाच शेक द्यायचा.

आणि दिवाळीत पहिला कॉम्प्रेसर जळला तेव्हा ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि कचरा धरणारी गाळणी) बदलला होता का? वाइंडिंग जळलं की आतलं तेल काळं आणि आम्लट होतं, काजळी सगळ्या नळ्यांत फिरते. ती काजळी सगळ्यात आधी बसते ती व्हॉल्व्हच्या सीटवर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा दाब उतरवतो तो) जाळीत.

---

खाडीकाठचा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

ड्रायर बदलल्याचं आठवत नाही. गाळणीसारखा तांब्याचा लांबट डबा तोच ना? तो जुनाच दिसतोय, कंपनीचा स्टिकर अजून आहे.

नळीला हात लावला. दोन्हीकडे गरम.

---

मस्कतचा_सावंत | शनिवार, संध्याकाळी ५:१४

मग गजालच संपली.

---

चिकूशेक | शनिवार, संध्याकाळी ६:००

प्रामाणिक मत: आता कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह, ड्रायर, गॅस, मजुरी. वीस-पंचवीस हजार. चार वर्षं जुनं मशीन, समुद्राची हवा. नवीन घ्या, दोन वर्षं डोकं शांत.

---

मीटरवाली | शनिवार, संध्याकाळी ६:२५

असहमत. प्लेट आणि कंडेन्सर शाबूत असतील तर हे मशीन अजून पाच वर्षं देईल. प्लेटीचा निकेलचा थर उडाला असेल, खाली तांबं दिसत असेल, तर मात्र चिकूशेक म्हणतात ते बरोबर. ती प्लेट मशीनच्या निम्म्या किमतीची.

नव्या मशीनकडूनही मे महिन्यात ६० किलो मिळणार नाहीत हे लक्षात ठेवा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा १० अंशांचं पाणी आणि २१ अंशांची खोली धरून दिलेला असतो. एक किलो पाणी गोठवायला ३३४ किलोज्यूल. १० अंशांवरून शून्यावर आणायला वर ४२. तुमच्या टाकीतलं ३० अंशांचं पाणी शून्यावर आणायलाच १२६ लागतात. म्हणजे ३७६ च्या जागी ४६०, जवळपास सव्वापट काम, आणि ते ३५ अंशांच्या खोलीत दमलेल्या कंडेन्सरकडून. ४० किलो मिळाले तरी मशीन चांगलं समजा. टाकी पत्र्याखाली उन्हात असेल तर ती आधी सावलीत घ्या, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

---

खाडीकाठचा | शनिवार, रात्री ८:४०

प्लेट बघितली, चकाचक आहे. टाकी पत्र्याखालीच आहे :(

कंडेन्सरचा फोटो टाकायची लाज वाटते. मशीन तव्यापासून चार फुटांवर. पिठाची धूळ, तेलाची वाफ आणि खारी हवा. फिन्सवर तपकिरी बुरशी धरल्यासारखा थर. पहिला कॉम्प्रेसर का जळला असेल ते आता कळतंय.

---

खाडीकाठचा | रविवार, सकाळी ९:३०

ताजी बातमी. आज सकाळी सुरू केलं, पाच मिनिटांत खानावळीची सगळी लाइट गेली. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडला. मशीनची पिन काढली की राहतो, लावली की पडतो. पिन काढून लगेच बॉडीला मोजलं तर काल काहीच नव्हतं तिथे आता ४० किलोओहम. तासाभराने गार झाल्यावर परत ३००.

---

मीटरवाली | रविवार, सकाळी ९:४१

इन्सुलेशन गेलं. आता हा कॉम्प्रेसर खरोखरच संपला. आरसीसीबी बायपास करून "आजचा दिवस काढू" असं कुणी सुचवलं तर त्याला खानावळीतून बाहेर काढा. ओली फरशी, स्टीलचा डबा आणि त्यात हात घालणारी पोरं आहेत तिथे.

---

नाना_गेजवाले | रविवार, सकाळी ११:००

चला, निदान आता खात्रीनं पैसे घालवायचे. मी कोल्हापुरात, गुडघ्यामुळं प्रवास होत नाही. कुडाळला माझ्याकडं शिकलेला एक पोरगा आहे, नंबर व्यनि केलाय. त्याला काम येतं. तरीही त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा आणि हे बघा.

जुना गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी सिलिंडरमधे ओढायचा. ४०४ए हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ चार हजार पट भारी पडतो, ते तर आहेच. वर तुमचा गॅस जळक्या तेलाचा आहे, बंद स्वयंपाकघरात तो नाकात जायला नको.

जुना कॉम्प्रेसर निघाला की त्याचं तेल पांढऱ्या वाटीत ओतून बघा. सोनेरी असेल तर नशीब. चहासारखं, वास उग्र, तर आम्ल आहे. मग नळ्या फ्लश करायच्या, आणि दोन ड्रायर: लिक्विड लाइनला (द्रव गॅसच्या नळीला) नवा, शिवाय कॉम्प्रेसरच्या सक्शनला (गॅस आत ओढणाऱ्या नळीला) आम्ल शोषणारा. सक्शनचा आठवड्यानं काढून टाकायचा, कायम ठेवायचा नाही.

ब्रेझिंग (ज्योतीनं नळ्या जोडणं) करताना नळीतून नायट्रोजनची हलकी झुळूक चालू हवी. नाहीतर तांबं आतून काळं पडतं, ती खपली सुटते आणि परत त्याच व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसते. सॉलेनॉइडच्या अंगाला ओलं फडकं गुंडाळून मगच ज्योत. तांब्याला तांबं असेल तर साधी सळी चालते. कॉम्प्रेसरची नळी लोखंडी असेल तर चांदीची सळी आणि फ्लक्स.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रेशर टेस्ट नायट्रोजननंच. ब्रेझिंगचा ऑक्सिजन सिलिंडर शेजारीच उभा असतो, आणि काही शहाणे त्यातूनच दाब भरतात. तेलाला दाबाखाली ऑक्सिजन मिळाला की कॉम्प्रेसरचा बॉम्ब होतो. माझ्या उमेदवारीच्या काळात असा एक माणूस आम्ही गमावलाय. तसं काही दिसलं तर काम थांबवून सरळ बाहेर या.

नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचं अगदी शेवटी काढायची. त्यातलं पीओई तेल हवेतला ओलावा स्पंजासारखं पितं, आणि तुमच्याकडं तर हवाच ओली. व्हॅक्यूम पंपानं ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली न्यायचं, पंप बंद करून अर्धा तास आकडा बघायचा. साध्या गेजचा काटा शून्याखाली गेला म्हणजे झालं असं नसतं, डिजिटल मीटर लागतो. गॅस ताटकाट्यावर मोजून, ४२० म्हणजे ४२०, आणि सिलिंडरमधून द्रवरूपातच. ४०४ए तीन गॅसांचं मिश्रण आहे, वाफेनं भरला तर प्रमाण बिघडतं. "बोटाला गार लागेपर्यंत" भरणाऱ्याला हाकला.

---

प्राजक्त_ठाणे | रविवार, दुपारी १२:१०

वाचनखूण साठवली. एक शंका: माझ्या कॅफेच्या मशीनवर आर-२९० लिहिलंय, त्यालाही हेच सगळं?

---

नाना_गेजवाले | रविवार, दुपारी १२:२२

२९० म्हणजे प्रोपेन. पेटतो. त्याला साध्या मेकॅनिकचा हात लावून देऊ नका, आत गॅस असताना ज्योत तर नाहीच नाही. कंपनीचा माणूस बोलवा.

---

विंचवाचं_बिऱ्हाड | रविवार, दुपारी १२:४०

नानांचा प्रतिसाद वाचून मी घरच्या फ्रीजला सॉरी म्हणून आलो.

---

खाडीकाठचा | बुधवार, रात्री ११:२०

उशीर झाला, पण सविस्तर लिहितो.

मॉडेलला जुळणारा, ४०४ए चा कॉम्प्रेसर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आला. उभाच पाठवा असं तीनदा सांगितलं होतं, तरी खोका आडवा निघाला. कुडाळचा पोरगा (त्याला इथे बापू म्हणतो, त्याची परवानगी आहे) म्हणाला, उभा करून रात्रभर ठेवा, तेल खाली बसू दे. म्हणून मंगळवार गेला.

आज सकाळी आठला सुरुवात. गॅस ओढला तर ५१० ग्रॅम निघाला! म्हणजे दिवाळीत अंदाजाने भरलेला, तोही जास्त. जुना कॉम्प्रेसर उलटा करून तेल वाटीत ओतलं. काळ्या चहासारखं. वास कसा सांगू, जळलेल्या वायरीत व्हिनेगर ओतल्यासारखा. बायको वरच्या मजल्यावरून ओरडली, काय जाळलं म्हणून.

गरम गॅसचा व्हॉल्व्ह बापूने कापून उघडून दाखवला. आतल्या छोट्या पांढऱ्या सीटवर तिळाएवढी काळी खपली रुतलेली, भोवती रेष उमटलेली. ती नखाने निघाली. एवढ्याशा कणामुळे सहा महिने पोकळ बर्फ विकला मी.

दोन वेळा फ्लश केलं, पहिल्या वेळी फडक्यावर काळं, दुसऱ्या वेळी पिवळट. मग ब्रेझिंग. नायट्रोजनचा हलका फुस्स आवाज चालू, व्हॉल्व्हला ओलं फडकं, त्यातून वाफ निघतेय. ज्योतीत तांबं गर्द लाल झालं की बापू सळी नुसती टेकवायचा आणि चांदी नळीभोवती पाण्यासारखी पळायची. आमचा स्वयंपाकी तवा सोडून बघत उभा. मग दाब भरून साबणाचं पाणी. एका जोडाला बारीक फेस आला, तो परत केला.

व्हॅक्यूम हाच खरा कंटाळा. दीड तासात ९०० वर आला आणि तिथेच अडकला. बापू म्हणाला आत ओलावा आहे. पंप बंद करून परत नायट्रोजन सोडला, परत ओढला. सव्वातीन तासांनी ४७०. पंप बंद केल्यावर अर्ध्या तासात ५६० ला स्थिर. तोपर्यंत जेवणं झाली, कंडेन्सर ब्रशने आणि केमिकलने धुऊन झाला. त्यातून जे निघालं ते घमेलंभर.

संध्याकाळी साडेसहाला बटण दाबलं. उठताना एकदाच हलकासा हुंकार. करंट ४.३. व्हॉल्व्हच्या पलीकडची नळी गार! २३ व्या मिनिटाला पट्टा पडला, क्यूब भरीव, काचेसारखा. बापूने पहिले दोन पट्टे फेकायला लावले. पोरांना तो बर्फ अंगणात मिळाला, तेवढाच सण.

खर्च: कॉम्प्रेसर १४,२००, व्हॉल्व्ह २,६००, दोन ड्रायर १,१००, गॅस-नायट्रोजन-फ्लश ३,४००, मजुरी ५,०००. कपॅसिटरचे २८० धरले तर एकूण २६,५८०. चिकूशेक, तुमचा अंदाज थोडा कमी पडला.

---

चिकूशेक | गुरुवार, सकाळी ७:५०

मान्य. पण दिवाळीचे तेरा हजार धरा, मग मी जिंकतो.

---

मीटरवाली | गुरुवार, सकाळी ९:१५

मशीन तव्याजवळच ठेवलंय का अजून?

---

खाडीकाठचा | गुरुवार, सकाळी ९:३३

नाही ताई, मागच्या पडवीत हलवलं, भिंतीपासून हातभर लांब. टाकीवर नारळाची झापं टाकलीत. लाइट गेली-आली की तीन मिनिटं थांबून सुरू होणारा टायमर बापूने लावून दिला.

---

मस्कतचा_सावंत | गुरुवार, दुपारी ३:००

झापा बरी. कंडेन्सरला मात्र दर पंधरा दिवसांनी ब्रश मार, तुझ्याकडे खारो वारो आहे. कॅलेंडरावर लिहून ठेव, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहितात तशी.

---

खाडीकाठचा | पुढचा गुरुवार, रात्री ९:४५

आठवड्याचा रिपोर्ट. बापू येऊन सक्शनचा ड्रायर काढून गेला. तेलाची आम्लाची टेस्ट केली, रंग बदलला नाही. करंट ४.२. काल दिवसभरात ४४ किलो बर्फ मोजला, बाहेर ३४ डिग्री असताना.

पहिला मेकॅनिक काल सरबत प्यायला आला होता. मशीनकडे बघून म्हणाला, "चालतंय की! मी म्हटलंच होतं, कॉम्प्रेसर बदलायला पाहिजे."

---

नाना_गेजवाले | पुढचा गुरुवार, रात्री १०:०२

सरबताचे पैसे घेतले का?

---

खाडीकाठचा | पुढचा गुरुवार, रात्री १०:०५

घेतले. बर्फाचे वेगळे लावले.